पपईचा चीक, ट्रिप्सिन आणि रंग बदलणारी काच: होलोग्रामचा सेन्सर कसा करायचा

मटण लवकर शिजत नसेल तर आपल्याकडे पातेल्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात. पपईच्या चिकातलं पपेन हे एंझाइम प्रथिनांचे धागे कापतं, म्हणून मटण मऊ पडतं. जिलेटिन हेही प्रथिनच, त्यामुळे पपेन तेही कापतं. आता हे जिलेटिन काचेवर केसाहून पातळ थरात पसरलेलं आहे आणि त्या थरात एक होलोग्राम नोंदवलेला आहे, असं समजा. एंझाइमचं काम सुरू झालं की त्या होलोग्रामचा रंग डोळ्यांदेखत बदलतो: हिरव्याचा पोपटी, पोपटीचा पिवळा, मग नारिंगी, आणि शेवटी सगळंच फिकं पडतं. या रंगबदलाचा वेग मोजला की एंझाइम किती जोमानं काम करतंय ते कळतं.

केंब्रिज विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर लो यांच्या गटानं १९९५ मध्ये याच तत्त्वावर प्रथिनं कापणाऱ्या एंझाइमांसाठी जिलेटिनचा होलोग्राम-सेन्सर मांडला. पुढे त्यांनी ग्लुकोज, आम्लता, द्रावकांमधलं पाणी अशा कितीतरी गोष्टींसाठी असे सेन्सर केले. खाली दिलेली रीत त्याच कल्पनेची आहे, पण नागपुरातल्या साध्या कॉलेज प्रयोगशाळेत जमेल अशी बेतलेली. एमएस्सीच्या मुलांबरोबर करताना जिथे जिथे ठेच लागली, त्या जागा जरा जास्त सविस्तर लिहिल्या आहेत.

आधी, कोणता होलोग्राम?

एटीएम कार्डावर किंवा औषधाच्या खोक्यावर असतो तो चमचमता स्टिकर इथे उपयोगाचा नाही. तो प्लास्टिकवर ठसे उमटवून केलेला असतो, त्याची सगळी करामत पृष्ठभागावर असते. आपल्याला हवा तो परावर्तन होलोग्राम. युरी डेनिस्युक यांनी १९६२ मध्ये तो मांडला. त्यात प्रकाशाचे थर जिलेटिनच्या आत, वहीच्या पानांसारखे एकावर एक नोंदवले जातात.

या पानांमधलं अंतर कोणता रंग परत यायचा ते ठरवतं. समोरून बघितलं तर हिशेब असा (अपवर्तनांक म्हणजे त्या पदार्थात प्रकाश किती पटीनं मंदावतो तो आकडा):

परत येणारी तरंगलांबी = २ × अपवर्तनांक × दोन थरांमधलं अंतर

अपवर्तनांक १.५ धरा आणि अंतर १७७ नॅनोमीटर. उत्तर येतं सुमारे ५३१ नॅनोमीटर, म्हणजे स्वच्छ हिरवा. जिलेटिन १० टक्के फुगलं तर अंतर १९५ होतं आणि तरंगलांबी ५८५ च्या घरात जाते, म्हणजे पिवळा. २० टक्के फुगलं की लाल. (पाणी शिरल्यानं अपवर्तनांक थोडा खाली येतो, त्यामुळे प्रत्यक्ष सरक जरा कमी दिसते. पण अंतर वाढल्याचा परिणाम त्याहून बराच मोठा असतो.) म्हणजे जाडीतला पाचवा हिस्सा वाढला की हिरव्याचा लाल होतो. या सेन्सरची ताकद इथेच आहे, आणि डोकेदुखीही इथेच. जिलेटिनला फुगवणारी प्रत्येक गोष्ट रंग बदलते: ऊन, मीठ, आम्लता, सगळंच. एंझाइम आलं की काच रंग बदलणारच, त्यात अवघड काही नाही. हा बदल दुसऱ्या कशानं नाही, एंझाइमनंच झालाय हे दाखवणं अवघड आहे, आणि खरं काम तेच.

सामान

लेसर हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा घ्या. कॉलेजात हेलियम-निऑनचा लाल लेसर पडून असतो, तो वापरायचा मोह होतो. पण लालनं नोंदवलेला होलोग्राम फुगला की थेट अवरक्तात जातो आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. हिरव्यापासून सुरुवात केली तर लालपर्यंतचं अख्खं मैदान मोकळं असतं.

बाजारात मिळणारे स्वस्त हिरवे पॉइंटर दोन बाबतींत दगा देतात. त्यांची तरंगलांबी मधेच उडी मारते, आणि फिल्टर नसेल तर त्यातून डोळ्याला न दिसणारी अवरक्त किरणंही बाहेर येतात. लेसर १५-२० मिनिटं चालू ठेवून तापू द्या. मग मायकेल्सन इंटरफेरोमीटर (एकच किरण दोन वाटांनी पाठवून पुन्हा जुळवणारी आणि उजेड-अंधाराच्या पट्ट्या दाखवणारी मांडणी) मांडा आणि त्या पट्ट्या ५ मिनिटं हलतात का ते बघा. पट्ट्या सरकल्या किंवा विरल्या, तर त्या लेसरवर प्लेट वाया घालवू नका. हिरव्या लेसरसाठीचा चष्मा वापराच, आणि किरण डोळ्याच्या उंचीवर कधी ठेवू नका.

प्लेट हवी हिरव्या प्रकाशाला संवेदनशील, अतिसूक्ष्म कणांच्या सिल्व्हर हॅलाइडची. १७७ नॅनोमीटरवर एक थर म्हणजे मिलिमीटरला ५,६०० हून जास्त रेषा. साध्या फोटो फिल्मला शंभर-दोनशे रेषांच्या पुढे जमत नाही, त्यामुळे तिथे जुगाड चालत नाही.

बाकी सामान सोपं आहे: पुढच्या बाजूला मुलामा असलेला आरसा, किरण पसरवायला भिंग, काळा उथळ ट्रे, डिस्टिल्ड वॉटर, काचेचे क्युव्हेट (द्रावणातून प्रकाश मोजायची छोटी चौकोनी भांडी), थर्मामीटर आणि भरपूर बर्फ. बर्फ कशाला ते पुढे येतंच.

टेबल

नोंदणी चालू असताना प्लेट आणि आरसा एकमेकांच्या तुलनेत तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याइतकेही, म्हणजे ५० नॅनोमीटरही, हलता कामा नयेत. आमच्याकडे ऑप्टिकल टेबल नव्हतं. स्कूटरच्या दोन ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवल्या आणि त्यावर कडप्प्याची जाड फरशी टाकली. चांगलं चाललं. फक्त ट्यूब कडक फुगवू नका, नाहीतर रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक फरशीपर्यंत पोचतो.

पहिला प्रयत्न आम्ही मे महिन्यात केला, तो शहाणपणाचा नव्हता. खोलीत कूलर घरघरत होता आणि बंद केला की दहा मिनिटांत घाम. कूलर चालू ठेवून काढलेल्या तिन्ही प्लेटा कोऱ्या निघाल्या. नागपुरात हे काम डिसेंबर-जानेवारीच्या रात्री करावं. पंख्याची गरज नसते, रस्ता शांत असतो आणि खोलीचं तापमान आपोआप २० अंशांच्या आसपास राहतं.

जिलेटिन घट्ट करणं

नुसतं जिलेटिन पाण्यात खूप फुगतं आणि तिशीच्या पुढच्या तापमानाला ढिलं पडतं. म्हणून त्याचे धागे एकमेकांना बांधावे लागतात. फॉर्मलिननं हे झटकन होतं, पण त्याच्या वाफा वाईट. आम्ही जुन्या फोटोग्राफरांचं क्रोम अ‍ॅलम वापरतो. अंधाऱ्या लाल दिव्यात प्लेट १ टक्का द्रावणात ५ मिनिटं ठेवायची, मग डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा हळुवार धुवायची.

सेन्सरची संवेदनशीलता या पायरीवर ठरते. फार घट्ट केलं तर एंझाइमला धागे कापायला तासन् तास लागतात. फार सैल ठेवलं तर बफरमध्येच (आम्लता स्थिर धरून ठेवणाऱ्या द्रावणात) थर विरघळू लागतो. २, ५ आणि १० मिनिटं अशा तीन पट्ट्या करून बघा आणि तुमच्या प्लेटला काय मानवतं ते ठरवा. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

आणि हे नोंदणीच्या आधीच करायचं. नंतर केलं तर फुगण्याचं प्रमाण बदलतं आणि होलोग्राम भलत्याच रंगात उगवतो.

ओली नोंदणी

बहुतेक जण इथे चुकतात. कोरड्या प्लेटवर होलोग्राम काढून तो पाण्यात टाकला, तर जिलेटिन जवळपास दुप्पट फुगतं आणि रंग अवरक्तात निघून जातो. मग वाटतं होलोग्राम उमटलाच नाही. सेन्सर पाण्यात वापरायचा असेल तर त्याची नोंदणीही पाण्यातच करा.

ट्रेच्या तळाशी आरसा ठेवा आणि त्यावर जेमतेम प्लेट बुडेल इतकं डिस्टिल्ड वॉटर ओता. प्लेटची जिलेटिनची बाजू आरशाकडे हवी. अंधारात बाजू ओळखायची असेल तर कोपऱ्याला ओलं बोट लावा, चिकट लागेल ती जिलेटिनची. एका कडेखाली मायक्रोस्कोपच्या स्लाइडचा, म्हणजे साधारण १ मिलिमीटर जाडीचा, तुकडा सरकवा. प्लेट दोन-तीन अंश तिरकी बसते. असं केल्यानं काचेच्या पृष्ठभागावरची पांढरी चकाकी एका दिशेला जाते आणि होलोग्रामचा रंग दुसऱ्या दिशेला. हा तिरकेपणा विसरलात तर पुढे रंग मोजताना चकाकीनं हैराण व्हाल.

आता २० मिनिटं थांबा. जिलेटिन पूर्ण फुगायला आणि पाणी निवायला एवढा वेळ लागतो. शेवटची ३ मिनिटं कोणी बोलायचं नाही, चालायचं नाही.

उजेडाचा हिशेब असा करा. धरा, २० मिलिवॉटचा लेसर पसरून ५० चौरस सेंटिमीटरवर पडतोय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ४०० मायक्रोवॉट. प्लेटला २,००० मायक्रोज्यूल लागत असतील तर ५ सेकंद. शटर म्हणून काळा पुठ्ठा चालतो: आधी फक्त उचलून किरणासमोर धरून ठेवा, हादरे थांबू द्या, मग बाजूला करा. भिजवलेल्या प्लेटची संवेदनशीलता कोरडीपेक्षा वेगळी निघते, म्हणून पहिल्या प्लेटवर ३, ५, ८ आणि १२ सेकंदांच्या पट्ट्या घ्या.

डेव्हलप आणि ब्लीच

पायरोगॅलॉलचं डेव्हलपर टाळा. होलोग्राम उजळ येतो खरा, पण ते जिलेटिनला जागोजागी आणखी घट्ट करतं आणि आपला आधीचा हिशेब बिघडवतं. व्हिटॅमिन सी-चं डेव्हलपर बरं:

भाग अ: मेटॉल ४ ग्रॅम, अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड २५ ग्रॅम, १ लिटर डिस्टिल्ड वॉटर.
भाग ब: सोडियम कार्बोनेट ७० ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइड १५ ग्रॅम, १ लिटर डिस्टिल्ड वॉटर.
ब्लीच: कॉपर सल्फेट ३५ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड १०० ग्रॅम, सोडियम बायसल्फेट ५ ग्रॅम, १ लिटर डिस्टिल्ड वॉटर.

अ आणि ब ऐन वेळी समप्रमाणात मिसळा, कारण मिसळलेलं फार टिकत नाही. २ मिनिटं डेव्हलप करा, धुवा, मग काळी प्लेट पारदर्शक होईपर्यंत ब्लीच करा आणि पुन्हा ५ मिनिटं धुवा. हातमोजे घाला, सोडियम हायड्रॉक्साइड कातडी सोलतं.

सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीसुद्धा २० अंशांवर हवं. बर्फ लागतो तो इथे. मे महिन्यातल्या त्या प्रयत्नात एका मुलानं सवयीनं प्लेट नळाखाली धरली. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा करायला ठेवल्यासारखं तापलेलं होतं. दुधावरची साय फुंकरीनं सरकावी तसा जिलेटिनचा थर काचेवरून सरकला आणि सिंकमध्ये गेला. मुलगा रिकामी काच धरून आमच्याकडे बघत उभा होता.

प्लेट धुऊन सावलीत वाळवा. कोरडी झाली की ती नुसती किंचित धुरकट काच दिसेल, होलोग्रामचा मागमूस नाही. घाबरू नका. आकसलेल्या थरांचा रंग अतिनीलात गेलेला असतो. आता टॉर्च धरून तिच्यावर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब सोडा. थेंबाखाली आधी जांभळी झाक उमटते, मग निळी, आणि काही सेकंदांत मोरपिसाच्या डोळ्यासारखा हिरवा पेटतो. तुमचा सेन्सर चालतोय याची ही पहिली खूण, आणि मुलांना हा प्रयोग मनापासून आवडतो.

मोजायचं कसं

काचकटरनं प्लेटच्या ८ मिलिमीटर रुंद पट्ट्या करा. पट्टी क्युव्हेटमध्ये उभी करा, होलोग्रामची बाजू द्रावणाकडे. एका बाजूनं पांढरा एलईडी, आणि परतणारा रंग स्पेक्ट्रोमीटरकडे, म्हणजे तरंगलांबी मोजणाऱ्या यंत्राकडे.

स्पेक्ट्रोमीटर नसेल तर डीव्हीडीचा तुकडा, काळा पुठ्ठा, बारीक फट आणि मोबाइल एवढ्यावर काम भागतं. मोबाइलचं फोकस, उजेड आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करा, नाहीतर फोन स्वतःच्या मनानं रंग सुधारत बसतो. मोजपट्टी लावायला जुना सीएफएल दिवा घ्या. त्यात पाऱ्याची ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा आणि ६११ च्या जवळची लाल रेषा ठळक दिसते. मधला ताळा आपल्याच ५३२ च्या लेसरनं. रंग डोळ्यांनी ठरवू नका. हिरवा आणि पोपटी यांच्या सीमेवर तीन माणसं तीन मतं देतात.

एंझाइम घालण्याआधी पट्टी नुसत्या बफरमध्ये निदान २० मिनिटं ठेवा आणि दर मिनिटाला नोंद घ्या. रंग अजून सरकत असेल तर थांबा. तापमान २५ अंशांवर बांधून ठेवा, क्युव्हेटभोवती पाण्याचं भांडं पुरतं.

पहिली चाचणी: पपई

कॉटन मार्केटमधून कच्ची, कडक पपई आणा. सालीवर ब्लेडनं उभ्या चिरा द्या आणि टपकणारा चीक छोट्या भांड्यात झेला. हातमोजे हवेतच, चिकानं कातडी चुरचुरते. चीक थंड फॉस्फेट बफरमध्ये ढवळा, मलमलीतून गाळा. अर्धा भाग २० मिनिटं चांगला खळखळ उकळा. पपेन उष्णतेला चिवट असतं, नुसतं कोमट करून मरत नाही.

एका पट्टीवर ताजा चीक, दुसरीवर उकळून थंड केलेला. दोन्ही पट्ट्या एकाच प्लेटच्या, शेजारशेजारच्या असाव्यात. ताज्या चिकात रंग लालकडे सरकतो, कारण धागे तुटले की जाळी सैल पडते आणि आणखी पाणी पिते. पुढे चमक कमी होते. उकळलेल्या चिकात सुरुवातीला थोडी सरक होऊन ती थांबायला हवी. ती सरक चिकातल्या क्षारांची आणि आम्लतेची असते. ती थांबलीच नाही, तर उकळणं कमी पडलं किंवा बफर कमजोर आहे.

पपई दाखवायला उत्तम, पण मोजमापाला मी ती वापरत नाही. पपेनच्या कामाच्या जागी गंधकाचा गट असतो आणि चांदीसारखे जड धातू तिथे चिकटून त्याला बंद पाडतात. आपली प्लेट तर सिल्व्हर ब्रोमाइडनं भरलेली. बरेच जण पपेनला जोर यावा म्हणून सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल घालतात. इथे ते घालू नका, ते चांदीशी झटापट करून होलोग्रामच मंद करतं.

खरी चाचणी: ट्रिप्सिन आणि सोयाबीन

ट्रिप्सिन हेही प्रथिनं कापणारं एंझाइम, पण त्याला चांदीची अशी अडचण नाही. ते थोड्या आम्लारीय पाण्यात रमतं, म्हणून फॉस्फेट बफर ७.८ पीएचचा, ५० मिलिमोलर घ्या. ट्रिप्सिनची भुकटी १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बर्फावर ठेवा. बफरमध्ये आधीच मिसळून ठेवलं तर ते स्वतःलाच कापत बसतं. क्युव्हेटमध्ये ऐन वेळी सोडा, हलकेच ढवळा, आणि २० मिनिटं दर ३० सेकंदांनी नोंद करा.

आलेख काढा: आडवा वेळ, उभी तरंगलांबी. शेवटचा रंग विसरा, सुरुवातीचा चढ बघा. मिनिटाला किती नॅनोमीटर, हाच तुमचा आकडा. त्यातून नुसत्या बफरचा चढ वजा करा. मग ट्रिप्सिन दहापट, शंभरपट पातळ करून तेच पुन्हा. प्रत्येक वेळी नवी पट्टी घ्या, कारण कापलेलं जिलेटिन पुन्हा जोडलं जात नाही. ज्या पातळपणाला चढ बफरच्या चढाइतका होतो, ती तुमच्या सेन्सरची मर्यादा.

आता परीक्षकानं विचारलं, "हा बदल ट्रिप्सिननंच झाला कशावरून?" तर उत्तर विदर्भाच्या शेतात आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला घट्ट पकडून निकामी करणारं प्रथिन असतं. जनावरांना कच्चं सोयाबीन मानवत नाही, त्यामागचं एक कारण हेच. मूठभर कच्चं सोयाबीन दळा, थंड बफरमध्ये तासभर भिजवा, गाळा. तो अर्क ट्रिप्सिनमध्ये १० मिनिटं मिसळून मग पट्टीवर घाला. चढ खाली यायला हवा.

इथे एक फसगत होते. अर्कातली बाकीची प्रथिनंसुद्धा ट्रिप्सिनचं खाद्य होतात आणि जिलेटिनच्या वाट्याला कमी एंझाइम येतं. म्हणजे अडवणारं प्रथिन नसतानाही चढ थोडा पडेल. म्हणून तोच अर्क अर्धा तास उकळून, गाळून, थंड करून वेगळी पट्टी लावा. कच्च्या आणि उकळलेल्या अर्कातला फरक हाच पुरावा. चार पट्ट्या एकाच दिवशी, एकाच प्लेटच्या: नुसता बफर, ट्रिप्सिन, ट्रिप्सिन आणि कच्चा अर्क, ट्रिप्सिन आणि उकळलेला अर्क. यातली एक जरी राहिली तरी बाकीच्या तिघींवर मी विश्वास ठेवत नाही.

पुढे जायचं असेल तर

जिलेटिन फक्त प्रथिनं कापणाऱ्यांना ओळखतं. दुसरं काही ओळखायचं असेल तर जिलेटिनऐवजी दुसरं जेल घ्यावं लागतं. फेनिलबोरॉनिक आम्लाचे गट असलेलं जेल ग्लुकोजला धरून फुगतं. मेथाक्रिलिक आम्ल असलेलं जेल आम्लतेनुसार फुगतं-आकसतं. त्याच जेलमध्ये युरिएज हे युरिया तोडणारं एंझाइम अडकवलं तर युरियापासून अमोनिया होतो, आम्लता घटते आणि रंग लालकडे जातो. अशा जेलमध्ये चांदीचे कण आपणच तयार करावे लागतात: आधी चांदीच्या क्षारात भिजवायचं, मग ब्रोमाइड आणि रंजकाच्या द्रावणात. एमएस्सीच्या एका सत्रात हे आटोपत नाही. जिलेटिनवर चारही पट्ट्या तीनदा सारख्या आल्या, तरच याला हात घाला.

वापरलेलं ब्लीच आणि चांदीचं धुवण सिंकमध्ये ओतू नका. मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. तयार पट्ट्या काळ्या कागदात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात ठेवा. उन्हात पडल्या तर सिल्व्हर ब्रोमाइड काळवंडतं. डब्यावर तारीख, क्रोम अ‍ॅलमची मिनिटं आणि त्या दिवशीचं पाण्याचं तापमान लिहा. मी पहिल्या वर्षी फक्त तारीख लिहिली होती. सगळ्यात छान चढ देणारी पट्टी कोणत्या पाण्यात धुतली होती, ते आता कुणालाच आठवत नाही.